फलाटावरचा तो पोरगा



सुट्टीत आम्ही कॉलेजची मुलं कल्याण स्टेशनवर १०९८ ची पत्रकं वाटत होतो. निराधार मुलांसाठीचा हा मोफत फोन १९९६ साली मुंबईत सुरू झाला, वगैरे सगळं घोकून गेलो होतो. एका पोरानं पत्रक परत दिलं. म्हणाला, "दादा, हे अठराच्या आतल्यांचं. मला अठरा झाले म्हणूनच बालगृहातून सोडलं. आता मी कुठं जाऊ?"

आम्ही गप्प!

मग चौकशी केली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात अशांसाठी एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे राहण्या-शिकण्याला हातभाराची तरतूद आहे; जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारायचं. पुढच्या रविवारी धावत गेलो, तर पोरगा नव्हता. आता प्रत्येक पत्रकामागं आम्ही हे पेनानं लिहितो.