वही कोणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



'खेळातल्या लुटीची वाटणी' हा विषय ऐकून काहीजणी हसल्या. मलाही आधी हसूच आलं होतं. पण भाची कॉम्प्युटरवर खेळत असताना शेजारी बसून पाहिलं, तेव्हा वाटलं, हे भांडण तर आपल्या ओळखीचं आहे.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा खेळ २००४ साली आला. त्यातल्या एका मोहिमेत ४० खेळाडू एकत्र लढत. लहान गटांकडे एवढी माणसं नसत, म्हणून दोन-तीन गट हातमिळवणी करत. राक्षस मेल्यावर हाती येत मोजक्या वस्तू, आणि हक्क सांगणारे चाळीस!

यावरचा तोडगा आधीच निघाला होता, १९९९ साली आलेल्या 'एव्हरक्वेस्ट' या खेळात. तो कंपनीने नव्हे, खेळाडूंनीच काढला. मोहिमेला हजर राहिलं की गुण जमा, वस्तू घेतली की गुण वजा. त्याला 'ड्रॅगन किल पॉइंट्स' म्हणत. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की गुण हजेरीवर होते. राक्षसावर घाव घालणारा आणि मागे राहून जखमींना सावरणारा, दोघांना सारखेच.

पण दोन गट एकत्र आले की प्रश्न उभा राहतो: वही कोणाची? यजमान गटाची वही वापरली, तर त्यांच्या खात्यात वर्षभराचे गुण आणि पाहुण्यांचं खातं रिकामं. कष्ट सारखे, पण निवडीची पाळी शेवटी. म्हणून काहींनी दोन्ही गटांची सामायिक वही ठेवली. काहींनी जुने गुण हळूहळू कमी करायचा नियम केला. काही ठिकाणी चार जाणती माणसं ठरवत. तेही चालतं, पण ती चारही एकाच गटाची असली तर दुसऱ्याने विश्वास कशावर ठेवायचा?

पुढे २०१८ मध्ये कंपनीने वाटणी आपल्या हाती घेतली. कोणाला काय मिळणार ते यंत्र ठरवू लागलं. भांडणं कमी झाली, पण आपसात ठरवण्याचा हक्कही गेला. २०२२ मध्ये मोठ्या मोहिमांतली वाटणी पुन्हा गटात होऊ लागली.

आता आपल्याकडे वळू. संयुक्त मोर्चात भाषण करणारी सर्वांना दिसते. गावोगाव निरोप पोचवणारी, भाकरी बांधून आणणारी, इतरांची मुलं सांभाळणारी कोणाच्या वहीत असते? बातमीत नाव मोठ्या संघटनेचं येतं, उरलेला निधीही तिच्याच खात्यात राहतो. लहान गट पुढच्या वेळी येत नाही, आणि आपण म्हणतो, 'त्यांच्यात बांधिलकी नाही.'

म्हणून माझी सूचना आहे. पुढच्या संयुक्त कार्यक्रमाआधी, नंतर नव्हे, तीन गोष्टी लिहून ठेवू या. कोणती कामं मोजायची? वही कोणाकडे राहील, आणि ती सगळ्यांना पाहता येईल का? नव्याने आलेल्या गटाची पाळी केव्हा?

लढून झाल्यावर वाटणीवरून फुटण्यापेक्षा लढण्याआधी तासभर वाद घातलेला बरा. तो वाद आजच, इथेच सुरू करू या.