अनुशेष मोजायचा कोठपर्यंत?

(शिरूर अनंतपाळ येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले भाषण)



२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, ही गोष्ट साऱ्या देशाला ठाऊक झाली. १२ एप्रिलला पहिली गाडी आली. दहा वाघिणी होत्या आणि प्रत्येकीत पन्नास हजार लिटर पाणी. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि पाणी भरण्याच्या ठिकाणी मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावावी लागली होती. त्याच उन्हाळ्यात लातूरला आणखी काही ठिकाणांहून पाणी जात होते. त्यांतले एक म्हणजे ह्याच तालुक्यातील, मांजरा नदीवरचा डोंगरगावचा बंधारा. तेथे टँकर भरत आणि शहराची वाट धरीत. रेल्वेच्या पाण्यापुढे ह्या पाण्याची चर्चा फारशी झाली नाही.

तहानलेल्या शहराला पाणी देऊ नका, असे कोणताही समाजवादी म्हणणार नाही. पिण्याच्या पाण्यावर पहिला हक्क माणसाचा, मग तो शहरातला असो की खेड्यातला. प्रश्न निराळा आहे. ज्या तालुक्याचे पाणी संकटाच्या वेळी जिल्ह्याच्या शहराच्या कामी येते, त्या तालुक्याच्या वाट्याला जिल्ह्याच्या भरभराटीतून काय येते? आणि त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहिलेला असतो?

मराठवाड्याच्या मागासलेपणाची वही तशी जुनी आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राजवट संपली. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३७१ वे कलम बदलले आणि विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी विकासमंडळांची तरतूद घटनेत आली. तरतूद आली, मंडळे मात्र आली नाहीत. त्यासाठी १९९४ साल उजाडावे लागले. मधल्या अडतीस वर्षांत गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषदेचे कार्यकर्ते अर्ज, परिषदा, मोर्चे करीत राहिले आणि १९७४ साली मराठवाड्यातील विद्यार्थी रस्त्यावर उतरले. पुढे ह्या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, आणि ती वेळेवर वाढविण्याची निकड राज्यकर्त्यांना वाटली नाही. घटनेतले कलम जागच्या जागी राहिले आणि मंडळाच्या दाराला कुलूप लागले.

अनुशेष हा शब्द ज्यांच्यामुळे घरोघर पोचला त्या वि. म. दांडेकर समितीकडे थोडे बारकाईने पाहावयास हवे. १९८३ साली नेमलेल्या ह्या समितीने १९८४ मध्ये अहवाल दिला आणि एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा ठरविला. त्यांत मराठवाड्याचा वाटा सुमारे ७५१ कोटी म्हणजे चोवीस टक्क्यांच्या आत. हा आकडा पाहून त्या वेळी मराठवाड्यात पुष्कळ नाराजी झाली. पण आकड्यापेक्षा पद्धत महत्त्वाची आहे. रस्ते, सिंचन, ग्रामीण वीज, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास व मृद्संधारण आणि पशुवैद्यकीय सेवा अशी नऊ क्षेत्रे समितीने घेतली. जिल्हा हे एकक धरले, राज्याची सरासरी काढली आणि जो जिल्हा सरासरीच्या खाली तेवढी त्याची तूट मोजली. दांडेकरांसारखा काटेकोर अर्थशास्त्रज्ञ होता म्हणून निदान मोजमाप तरी झाले. त्यापूर्वी सगळा कारभार भाषणांवर चालत असे.

तरीही दोन गोष्टी त्या वहीत बसल्या नाहीत. पहिली गोष्ट, रोजगार आणि उत्पन्न. रस्ता किती किलोमीटर झाला ते कळते, त्या रस्त्याने कोण पुण्याला नि हैदराबादला निघून गेले ते कळत नाही. दुसरी गोष्ट, जिल्ह्याच्या पोटातली विषमता. लातूर जिल्हाच मुळी १९८२ साली उस्मानाबादेतून वेगळा झाला आणि शिरूर अनंतपाळ तेव्हा निलंगा तालुक्याचा एक भाग होता. जिल्ह्याची सरासरी काढताना लातूर शहर आणि ह्या भागातले शेवटचे खेडे एकाच तराजूत पडतात. शहरात महाविद्यालय वाढले, दवाखाना वाढला, म्हणजे जिल्ह्याची तूट भरली असे कागदावर दिसते. विजय केळकर समितीने (अहवाल २०१३, विधिमंडळापुढे आला डिसेंबर २०१४ मध्ये) तालुक्यांमधील तफावतीकडेही लक्ष वेधले. परंतु तो अहवाल आल्यावर भांडण झाले ते विभागाविभागांत, तालुक्याची आठवण कोणाला राहिली नाही.

दांडेकर समितीने सिंचन मोजताना एक शहाणपणाची युक्ती केली होती. कोठे ऊस, कोठे गहू, कोठे ज्वारी. हेक्टरांची बेरीज करावी कशी? म्हणून सारे सिंचन रब्बी ज्वारीच्या मापात बदलून घेतले. एक हेक्टर ज्वारी भिजवायला जेवढे पाणी लागते ते माप. ह्या हिशेबाने उसाचे एक हेक्टर ज्वारीच्या कित्येक हेक्टरांचे पाणी पिते. हे माप अहवालात राहिले आणि मांजरा खोऱ्यात ऐंशीच्या दशकापासून साखर कारखाने उभे राहिले. मोजमाप ज्वारीचे आणि पाटाचे पाणी उसाचे! कारखान्यांनी ह्या भागात रोख पैसा आणला, मजुरी आणली, सहकारी बँक आणली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ज्याच्या शेताला कालव्याचे पाणी नाही, किंवा ज्याला शेतच नाही, त्याचा त्या साखरेतला वाटा तोडणीच्या कोयत्यापुरताच राहिला.

शिरूर अनंतपाळ तालुक्यात घरणी आणि साकोळ हे दोन मध्यम प्रकल्प आहेत, डोंगरगावचा बंधारा आहे. म्हणजे येथे पाणी अडविलेलेच नाही असे म्हणता येणार नाही. अडविलेले पाणी कोणाला, किती महिने आणि कोणत्या पिकाला, हा खरा प्रश्न. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७४ पासून नायगावला उभी केलेली पाणी पंचायत येथे आठवली पाहिजे. तिचे नियम थोडके होते. पाणी जमिनीच्या मानाने नव्हे, माणसांच्या मानाने. माणशी अर्धा एकर भिजेल इतके, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. ऊस नाही. पुरंदर तालुका काही मराठवाड्यात नाही, पण त्याचे पर्जन्यमान लातूरहून बरे नव्हते. तो प्रयोग पुणे जिल्ह्यात होऊ शकला, तर घरणीच्या लाभक्षेत्रात त्याचा निदान विचार का होऊ नये?

आता ह्या तालुक्याच्या मुख्य पिकाकडे, सोयाबीनकडे वळू या. लातूरची बाजारपेठ सोयाबीनसाठी साऱ्या राज्यात नावाजलेली आहे. तेथे तेल निघते, पेंड निघते, तुरीची डाळ निघते. शहर जवळ असण्याचा फायदा शेतकऱ्याला होतोच, कारण खरेदीदार अधिक म्हणजे भावात थोडी चुरस. पण २०२४ च्या खरिपात काय झाले? हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता. सरकारी केंद्रावर न्यावे तर दाण्यात ओलावा बारा टक्क्यांच्या आत हवा. काढणीच्या दिवसांत पाऊस झाला तर बारा टक्के कोठून आणायचे? नोव्हेंबरमध्ये केंद्राने ही मर्यादा पंधरा टक्के केली, तोवर अनेकांनी माल अडत्याच्या काट्यावर घातला होता. ज्याला दिवाळीला पैसा हवा, ज्याची उधारी थकलेली, त्याला थांबणे परवडत नाही.

येथे विकासनीतीचा अर्थ फार साधा होतो. तालुक्याच्या गावी धान्य वाळवण्याचे यंत्र, चाळणी, पुरेसे गोदाम आणि त्या गोदामाच्या पावतीवर कर्ज. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. मालाच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा टक्के व्याज, मुदत सहा महिने. योजना उत्तम, पण पावती मिळायला आधी गोदामात जागा पाहिजे. काही कोटींच्या गुंतवणुकीने ह्या तालुक्यातील लहान शेतकऱ्याच्या हाती दोनचार महिन्यांची सवड येईल, आणि भावाच्या सौद्यात त्याला त्या सवडीइतके दुसरे बळ नाही. त्याच्यापुढची पायरी डाळगिरणीची. डाळ येथे झाली तर चुणी येथे राहते, चुणी राहिली तर दुभते जनावर राहते.

उलट सरकारची उद्योगनीती १९६४ पासून सवलतींवर उभी आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर कारखाना काढा, सवलत घ्या. तालुका जितका मागास, तितकी सवलत मोठी. तालुक्यांचे वर्ग पाडले, पण भांडवल वर्ग पाहून येत नाही. रेल्वे, पाणी, वीज आणि विमानतळ पाहून येते. लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना झाला, डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला, त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र सवलत भांडवलाच्या आकड्यावर मिळते, हातांच्या संख्येवर नाही, हे विसरता कामा नये.

कोणी म्हणेल, सत्ता मिळाली म्हणजे विकास येईल. निलंगा तालुक्याने १९८५ साली महाराष्ट्राला मुख्यमंत्री दिला. मराठवाड्यातून त्यांच्याआधी आणि नंतरही मुख्यमंत्री झाले. त्यांपैकी काहींनी कामेही केली. पण मुख्यमंत्री आपल्या गावाकडे निधी वळवितो, तेव्हा ती मेहेरबानी असते, आणि खुर्ची गेली की ती संपते. १६ सप्टेंबर २०२३ ला छत्रपती संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि पंचेचाळीस हजार कोटींवर घोषणा झाल्या; २०१६ च्या बैठकीतही तशाच प्रचंड आकड्याच्या घोषणा झाल्या होत्या. त्यांतून ह्या तालुक्याच्या वाट्याला काय, हे विचारायचे कोणाला?

विचारण्याची जागा खरे तर जिल्हा नियोजन समिती. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव आणि जिल्हा हे राज्याचे दोन खांब मानले होते, निधीसाठी हात पसरणारे अर्जदार नव्हेत. महाराष्ट्रात १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या, १९७४ मध्ये जिल्हा नियोजन मंडळे आली, १९९८ मध्ये नियोजन समित्यांचा कायदा झाला आणि त्यात पाचांपैकी चार सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून आलेले असावेत असे ठरले. पालकमंत्री अध्यक्ष असतात, त्यामुळे मान्यता व्हायची ती वरूनच होते, हा जुना रोग. त्यात २०२२ साली जिल्हा परिषदेची मुदत संपल्यावर कित्येक वर्षे निवडणूकच झाली नाही. प्रशासकाने कारभार पाहिला आणि निवडलेल्या सदस्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. खांबच काढून घेतल्यावर छपराच्या डागडुजीची चर्चा चालू होती म्हणायची!

तेव्हा कार्यकर्त्यांनी मोर्चा काढण्याआधी काही कागद मिळवावेत. माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे. गेल्या पाच वर्षांत जिल्हा वार्षिक योजनेतून तालुकानिहाय किती खर्च झाला; घरणी व साकोळ प्रकल्पांवर प्रत्यक्ष किती हेक्टर भिजले आणि त्यांत ऊस किती; तालुक्यात गोदामांची क्षमता किती टनांची आणि खरिपाचे उत्पादन किती टनांचे; २०१६ मध्ये डोंगरगावच्या बंधाऱ्यातून किती पाणी उचलले गेले आणि त्या काळात नदीकाठच्या गावांना टँकर लागले की नाही. ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाटबंधारे शाखेच्या आणि तहसीलच्या दप्तरात असणार. टँकरच्या प्रत्येक खेपेची नोंद झाल्याशिवाय त्याचे बिल निघत नाही.