यकृत, अमोनिया आणि रात्रीचा घास



मी कापडाचा व्यापारी, वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु आपल्या घरांत उपवास आणि चौविहाराची परंपरा आहे. म्हणूनच यकृताच्या जुन्या विकाराविषयी जे वाचले आणि जाणकार डॉक्टरांकडून समजून घेतले, ते आपणांपुढे ठेवीत आहे.

सिरॉसिसचा रुग्ण कधी कधी दिवसा झोपतो आणि रात्र जागून काढतो. अक्षर बिघडते, सही जुळत नाही, साधी बेरीज चुकते. हात पुढे ताणून धरले तर पंजे पक्ष्याच्या पंखांसारखे फडफडतात. घरची माणसे याला म्हातारपण म्हणतात, कोणी बाधा म्हणतात. मूळ पुष्कळदा पोटात असते. आतड्यांत तयार होणारा अमोनिया रक्तातून यकृताकडे जातो, तेथे त्याचा युरिया होतो व तो लघवीवाटे निघून जातो. पूर्वीच्या जकात नाक्याची येथे आठवण होते. नाका दुबळा झाला आणि गाड्या आडवाटेने निघाल्या, की माल न तपासता गावात शिरतो. तसा अमोनिया मेंदूत शिरतो व तेथील पेशींना सूज आणतो.

ही अवस्था बहुधा उलटविता येते, हे प्रथम ध्यानी घ्यावे. बद्धकोष्ठ, जंतुसंसर्ग, पोटातील रक्तस्राव, शरीरातील पाणी कमी होणे आणि झोपेच्या गोळ्या ही तिची नेहमीची निमित्ते. काळी शौचास झाली तर क्षणाचाही विलंब नको. लॅक्ट्युलोज हे गोड औषध दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होईल इतकेच द्यायचे असते. अतिरेकाने जुलाब होऊन विकार वाढतो. दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकदा भ्रम होऊन बरे झालेल्यांपैकी हे औषध घेणाऱ्या शंभरांतील सुमारे वीस जणांना तो पुन्हा झाला. न घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे सत्तेचाळीस होते. बरे वाटताच बाटली बंद करणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

आता आहार. १८९३ साली रशियात पाव्हलॉव्ह व सहकाऱ्यांनी कुत्र्यांचे रक्त यकृताला वळसा घालून नेले, तेव्हा मांस खाताच ती भ्रमिष्ट झाली. पुढे कित्येक वर्षे रुग्णाची प्रथिने तोडण्याची प्रथा चालली. २००४ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी तुलना करून पाहिली. प्रथिने तोडून लाभ दिसला नाही. स्नायूही अमोनिया शोषून घेतात, ते झिजले की रुग्णाचेच नुकसान. आज वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत असे सांगतात, म्हणजे साठ किलोच्या माणसास ७२ ते ९० ग्रॅम. त्यातही डाळी आणि दूध-दही अधिक मानवतात. आपल्या स्वयंपाकघराला हे अवघड नाही. तरी ‘पचायला हलके’ म्हणून रुग्णाला नुसत्या भाताच्या पेजेवर ठेवणारी घरे आहेतच.

अवघड आहे ती रात्र. सिरॉसिसमध्ये यकृतातील साखरेचा साठा तुटपुंजा असतो. त्यामुळे एका रात्रीच्या उपाशीपणात शरीराची अवस्था निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपवासासारखी होते आणि स्नायू जळू लागतात. म्हणून झोपण्यापूर्वी काही खाणे हा उपचाराचाच भाग मानतात. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे कसे सांगावे? पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितल्या आहेत. समाधी टिकावी म्हणून आजारपणातील औषधाचा आगार त्यांत आहे. सून-मुलांनी सांगून न ऐकणारी आजी महाराजसाहेबांचे ऐकते. तेव्हा डॉक्टरांचा कागद घेऊन घरच्यांनी त्यांच्याकडेच जावे, आणि तेही पर्युषणाच्या आधी.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. अमोनियाच्या तपासणीचे रक्त बर्फात ठेवून लगेच तपासावे लागते. देवळ्यात काढून सावकाश नाशिकला पोहोचविले तर आकडा खोटाच फुगतो. शिवाय केवळ आकड्यावरून निदान होत नाही. रक्तातील साखर उतरली आहे काय, डोक्याला मार लागला आहे काय, हेही पाहावे लागते. रुग्ण बरळू लागला की नमुना पाठवून वाट पाहू नये, रुग्णालाच गाडीत घालून न्यावे.