गवतावर बसून शिकलेलं गाणं

 

या महिन्यात आपण घरातल्या गाण्याबद्दल बोलतोय. जात्यावरच्या ओव्या झाल्या, भजनी मंडळं झाली. आज जरा लांबच्या मुलखात जाऊ या, अमेरिकेत. तिथं ‘ब्लूग्रास’ नावाचं संगीत आहे. त्याचे मेळे भरतात, तीन-तीन, चार-चार दिवसांचे, आणि घरंच्या घरं पोराबाळांसकट तिथं मुक्कामाला जातात. या गाण्यात लहानाची मोठी झालेली माणसं आपल्या लहानपणाबद्दल खूप सांगतात. त्यांना विचारलं की तुम्हाला शिकवलं कुणी, तर उत्तरात आई येते, मामा येतो, बाप येतो. शाळा किंवा क्लास फार कमी वेळा येतो. म्हणून हा विषय आपल्या बायांपुढं ठेवावा असं आम्हाला वाटलं.

आधी नावाचं सांगतो. ब्लूग्रास म्हणजे शब्दशः निळं गवत. अमेरिकेतल्या केंटकी राज्याला तिथले लोक ‘निळ्या गवताचं राज्य’ म्हणतात. बिल मन्रो नावाचा कलावंत तिथला. त्यानं आपल्या गावाकडची आठवण म्हणून बँडचं नाव ठेवलं ‘ब्लू ग्रास बॉईज’, आणि पुढं बँडचं नाव त्या सगळ्या संगीतालाच पडलं. त्यात गिटार, फिडल म्हणजे आपलं व्हायोलिन, मँडोलिन, माणसाएवढा उभा बेस आणि बँजो असतो. बँजो म्हटलं की आपल्याला वरातीतली बँजो पार्टी आठवते, बटणं दाबून वाजवायची. हा बँजो तो नव्हे. हलगीला लांब दांडा बसवावा आणि त्यावर पाच तारा ताणाव्यात, तसा तो दिसतो. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी हे वाद्य अमेरिकेत नेलं. ज्यांचं सगळं हिरावून घेतलं होतं त्यांनी आणलेल्या वाद्यावर आज तो देश मिरवतो, हेही सांगून ठेवायला हवं.

बिल मन्रो 1911 साली शेतकऱ्याच्या घरात जन्मला. आठ भावंडांत सगळ्यांत धाकटा. डोळा तिरळा, नजर कमी, त्यामुळं पोरगं बुजरं. आई मलिसा फिडल वाजवायची, जुनी गाणी म्हणायची, नाचायचीही. घरकाम करता करता हे सगळं चाले, आणि नजर कमी असलेलं पोरगं कानानं ते गोळा करत राहिलं. थोरल्या भावांनी फिडल आणि गिटार आधीच घेतलं होतं, धाकट्याच्या वाट्याला मँडोलिन आलं. त्यातही त्याचा आवाज फार होऊ नये म्हणून आठ तारांपैकी चार त्यांनी काढायला लावल्या. शेंडेफळाचं घरात काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको. बिल दहा वर्षांचा असताना आई गेली, सोळाचा असताना वडील गेले. मग तो मामाकडं राहिला. मामा पेन व्हँडिव्हर गावोगावी नाचाच्या कार्यक्रमात फिडल वाजवायचा आणि भाच्याला साथीला न्यायचा. पुढं बिलनं त्या मामावर गाणं केलं, ते फार गाजलं. मामाचं नाव आज त्या संगीतातल्या पोराटोरांना माहीत आहे. मलिसाचं नाव मात्र शोधून काढावं लागतं. तिच्यावर असं गाजलेलं गाणं आम्हाला तरी ठाऊक नाही.

दुसरी आई आम्हाला मलिसापेक्षाही जवळची वाटली. व्हर्जिनिया राज्यातल्या डोंगराळ भागातली लुसी स्टॅनली. नवरा घर सोडून गेलेला. पोरं लहान. घरचं छोटं किराणा दुकान. लुसीला बँजो वाजवता यायचा. तिचा मुलगा राल्फ पंधरा-सोळा वर्षांचा झाला. त्याला जनावरांची आवड होती आणि वाजवण्याचीही. त्याच्या मावशीकडं एक मादी डुक्कर होती आणि एक जुना बँजो होता. दोन्हींची किंमत सारखीच, पाच डॉलर. आईनं सांगितलं, दोन्ही काही जमणार नाही, एक काय ते घे.

आता बायांनो, तिकडं डुक्कर पाळणं म्हणजे आपल्याकडं शेळी पाळणं. मादी म्हणजे पुढं पिल्लं, पिल्लं म्हणजे पैसा. हा प्रश्न आपल्या गटाच्या बैठकीत आला असता तर आम्ही सगळ्यांनी एका आवाजात सांगितलं असतं, शेळी घे बाबा. कर्जाच्या अर्जावर ‘बँजो’ लिहिलेलं आम्ही अजून पाहिलेलं नाही. राल्फनं बँजो मागितला. लुसीकडं रोख पाच डॉलर नव्हते, तेव्हा बहिणीनं ते पैसे दुकानातल्या किराणा मालात वळते करून घेतले. पीठ, साखर, जे काय असेल ते. मग लुसीनं बँजो मांडीवर घेतला, तारा लावल्या, एक चाल वाजवून दाखवली आणि पोराच्या हातात दिला. राल्फ स्टॅनली ब्लूग्रासमधला सगळ्यांत मोठ्या नावांपैकी एक झाला. म्हातारपणापर्यंत तो ही गोष्ट लोकांना सांगायचा, डुकराच्या मादीसकट. आम्हाला त्यातली आई महत्त्वाची वाटते. एकटी बाई, दुकान उधारीवर चालणारं, आणि तरी तिनं पोरापुढं दोन्ही गोष्टी सारख्या ठेवल्या. शेळी हीच कामाची आणि बँजो म्हणजे उधळपट्टी असं ती म्हणाली नाही.

राल्फचा थोरला भाऊ कार्टर 1966 साली वारला. दोघं भाऊ जोडीनं गायचे. पुढं 1971 पासून राल्फनं भावाच्या आठवणीसाठी आपल्या घराकडच्या डोंगरावरच मेळा सुरू केला. भावाचं दफन त्याच डोंगरावर झालेलं आहे. म्हणजे मेळ्याला येणारी माणसं एका अर्थानं त्यांच्या घरीच यायची.

आता मेळ्याचं. जुनी वाजवणारी मंडळी पूर्वीपासून एकत्र जमायचीच. व्हर्जिनियातल्या गॅलॅक्स गावात फिडल वाजवणाऱ्यांचा मेळावा 1935 पासून भरतो. पण फक्त ब्लूग्रासचा, अनेक दिवसांचा पहिला मेळा भरला सप्टेंबर 1965 मध्ये, व्हर्जिनियातल्याच फिनकॅसल इथं, घोड्यांच्या एका फार्मवर. कार्लटन हेनी नावाच्या माणसानं तो भरवला. शेवटच्या दिवशी बिल मन्रोच्या बँडमध्ये पूर्वी वाजवून गेलेले लोक एकेक करून स्टेजवर आले आणि त्याच्याबरोबर पुन्हा वाजवून गेले. दोन वर्षांनी, 1967 साली, मन्रोनं इंडियाना राज्यातल्या बीन ब्लॉसम गावात स्वतःचा मेळा सुरू केला. मन्रो 1996 साली गेला, तरी तो मेळा भरत राहिला.

या मेळ्याला लोक तंबू घेऊन येतात, नाहीतर गाडीलाच घर जोडलेलं असतं. घडीच्या खुर्च्या, स्वयंपाकाची शेगडी, थंडीसाठी पांघरुणं. आपल्या यात्रेला बैलगाड्या सोडून लोक मुक्काम करायचे तसंच. स्टेजवर नावाजलेले कलावंत गातात ते ऐकायचं. पण जुनी माणसं सांगतात की खरी मजा स्टेजपासून लांब, गाड्या लावलेल्या असतात तिथं. चार जण वाद्यं घेऊन गोल करून उभे राहतात. ओळख असलीच पाहिजे असं नाही. एक जण गाणं सुरू करतो, बाकीचे साथ धरतात. मग पाळीपाळीनं प्रत्येकाला एकट्यानं वाजवायला मिळतं, आणि एकाची पाळी असताना दुसऱ्यांनी आपला आवाज खाली घ्यायचा. नको असेल तर मान हलवायची, पाळी पुढं जाते. नवखं माणूस कडेला उभं राहून हळू वाजवतं, चुकलं तरी कुणाला ऐकू जात नाही. रात्री उशिरापर्यंत हे चालतं. लेकरं तिथंच पांघरुणात पडून ऐकत ऐकत झोपतात.

आम्हाला हे वाचून दळणाच्या ओव्या आठवल्या. तिथंही एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं उचलायची, आणि मांडीवर लेकरू असायचंच. फरक एवढा की त्यांच्या गोलात बरीच वर्षं पुरुषच जास्त दिसायचे.

बँडचं नावच ‘बॉईज’, म्हणजे पोरं. त्या पोरांत 1943 पासून तीन वर्षं सॅली अ‍ॅन फॉरेस्टर नावाची बाई अ‍ॅकॉर्डियन वाजवत होती. ती पेटीसारखी वाजते, पण गळ्यात अडकवून. सॅली अ‍ॅन वाजवायची आणि कार्यक्रमाच्या तिकिटाचे पैसेही गोळा करायची. अर्ल स्क्रग्ज हा बँजो वाजवणारा जगभर नावाजला. त्याच्या बँडचा सगळा कारभार, करार, तारखा, हिशेब, बायको लुईज बघायची. ती मूळची हिशेबनीस होती. गटाच्या सचिवांना हे ऐकून बरं वाटेल. वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसाखाणींच्या भागातून कारखान्यात कामाला शहरात आलेली हेझल डिकन्स आणि तिची जोडीदारीण अ‍ॅलिस जेरार्ड, या दोघींनी 1965 साली आपल्या नावावर ब्लूग्रासची रेकॉर्ड काढली. बायांनी पुढं होऊन गायचं, साथ इतरांनी करायची, हे तेव्हा नवीन होतं. हेझलनं पुढं खाणकामगारांची आणि बायांची गाणी केली, अगदी तिखट.

पुढच्या पिढीत घरंच बँड झाली. मिझुरी राज्यातली र्‍होंडा व्हिन्सेंट, जन्म 1962 चा. ती सांगते, शाळेतून घरी आलं की बाप वाट बघत असायचा, आजोबा यायचे, आणि रात्रीच्या जेवणापर्यंत वाजवणं चालायचं, रोज. खेळायला जाऊ का, हे विचारायची सोय नव्हती. आम्हाला हे थोडं जाचकही वाटलं. सगळ्याच लेकरांना ते मानवत असेल असं नाही, आणि घरचं गाणं म्हणजे सगळं गोडच, असंही आम्ही सांगत नाही. र्‍होंडाला मात्र मानवलं. पाच वर्षांची असल्यापासून ती घरच्यांबरोबर गायली.

शेवटी एका तरुण मुलीबद्दल सांगतो. मॉली टटल, जन्म 1993, कॅलिफोर्नियाची. आजोबा इलिनॉय राज्यात शेतकरी, बँजो वाजवायचे. बाप संगीत शिकवतो. कॅलिफोर्नियात ग्रास व्हॅली गावात दर जूनमध्ये ब्लूग्रासचा मोठा मेळा भरतो. तिथं लहान पोरांना मेळ्याच्या दिवसांतच एकत्र सराव करायला लावतात आणि मग मोठ्या स्टेजवर चढवतात. बापाबरोबर मॉली लहानपणी तिथं जायची.

या मॉलीला तीन वर्षांची असतानाच चाई पडली. आपल्याकडं एखाद्या पोरीच्या डोक्यावर चट्टा गेला तरी घरात कुजबुज सुरू होते, हिचं लग्न कसं होणार. मॉलीचे तर अंगावरचेही सगळे केस गेले. ती लहानपणी टोपी घालायची, पुढं विग लावायला लागली. शाळेत पोरं बघत राहायची. पण आईबापांनी पोरीला घरात दडवली नाही. आठ वर्षांची झाल्यावर तिनं गिटार हातात घेतलं, अकराव्या वर्षी बापाबरोबर लोकांसमोर वाजवायला लागली. गिटार हे त्या संगीतात बापे माणसांचंच मानलेलं. 2017 साली ब्लूग्रासच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा वर्षातल्या सर्वोत्तम गिटारवादनाचा पुरस्कार तिला मिळाला. त्याआधी तो कुठल्याही बाईला मिळाला नव्हता. 2022 च्या तिच्या अल्बमला ग्रॅमी हा मोठा पुरस्कार मिळाला, आणि त्या अल्बममध्ये एक गाणं ग्रास व्हॅलीच्या मेळ्याचंच आहे, लहानपणी तिथं गेल्याच्या आठवणीचं. आता ती कधीकधी स्टेजवरच विग काढून ठेवते आणि तशीच गाते.

आमच्या भजनी मंडळात सध्या यावरूनच वाद चालू आहे. शनिवारच्या सरावाला पोरांना आणायचं की नाही? निम्म्याजणी म्हणतात, दंगा करतात, ताल चुकतो. बाकीच्या म्हणतात, जुन्या चाली येणाऱ्या तीन आजी उरल्यात, पोरं आलीच नाहीत तर त्या कुणाच्या कानावर पडणार? मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवू, असंही एकीनं सुचवलं. त्यावर एक आजी म्हणाल्या, मोबाईल मला मागनं ओळ कशी देईल?

वाद मिटलेला नाही. तोवर एवढं ठरलंय की एक महिनाभर पोरांना येऊ द्यायचं, मग बघायचं. मुलीही आणि मुलगेही. आजी मधे बसतील, झांजेची एक जोडी पोरांसाठी वेगळी राहील, आणि कुणाला झोप आली तर उठवायचं नाही. शनिवारी रात्री आठ वाजता देवळात. लेकरांना घरून जेवू घालून आणा, आणि चटई आपापली आणा.