जंगल राखणे म्हणजे हवामान राखणे



आपल्या गोंडपिपरी तालुक्याच्या एका अंगाला वर्धा वाहते, दुसऱ्या अंगाला वैनगंगा. पुढे दोघींचा संगम होऊन प्राणहिता होते. पाणी आणि जंगल आपल्याला न मागता मिळाले, म्हणून त्यांचा हिशेब आपण कधी ठेवला नाही. आज तो थोडक्यात मांडतो.

१९५५ साली ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान झाले. १९८६ मध्ये अंधारी आणि प्राणहितेकाठचे चपराळा ही अभयारण्ये जाहीर झाली. १९९५ मध्ये ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०२१ मध्ये आपल्या शेजारचे कन्हाळगाव अभयारण्य, सुमारे २६९ चौरस किलोमीटरचे. यावर गावकरी विचारतो, "वाघाची सोय झाली, आमचे काय?" प्रश्न रास्त आहे.

विद्यार्थ्यांनो, एक गणित करा. वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मा कार्बन असतो. शंभर किलो लाकडात पन्नास किलो. ते जळाले की हवेतील प्राणवायू त्या कार्बनला मिळतो आणि सुमारे १८३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हाच वायू पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. उभे झाड म्हणजे हवेतून काढून कुलपात ठेवलेला कार्बन. अभयारण्य हे त्या कुलपाचे नाव आहे. म्हणूनच २०३० पर्यंत जगातील तीस टक्के जमीन व समुद्र राखण्याचे उद्दिष्ट २०२२ मध्ये मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी ठरविले.

आपला लाभ तर त्याहून जवळचा आहे. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, तेव्हा झाडीखालची हवा निवलेली असते. पालापाचोळ्याची जमीन पावसाचे पाणी जिरवते. २०२२ च्या पावसाळ्यातील पूर आपण विसरलेलो नाही. तसा महापूर जंगल एकटे थांबवू शकत नाही, पण उघड्या माळावरून पाणी किती वेगाने धावते ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

मात्र या लाभाची किंमत जंगलाकाठचा माणूस मोजतो. त्याची जनावरे जातात, कधी घरचा माणूसही जातो. त्याला भरपाई वेळेवर मिळाली पाहिजे. मोह आणि तेंदूपत्ता वेचणारे हात जंगलाचे शत्रू नव्हेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगल आपले वाटले की माणूस ते स्वतः राखतो, हे त्या गावाने दाखविले.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. मोहफुले दिसावीत, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून पाला पेटविला जातो, आणि तो वणवा कोवळी रोपे खातो. मोहाखाली झाडणी करा, कापड अंथरा, पण काडी लावू नका. आणि आपल्याच जिल्ह्यात जळणाऱ्या कोळशाचा सगळा धूर जंगल गिळून टाकील, अशा भ्रमातही राहू नका. वीज जपून वापरणे हेही जंगल राखण्याइतकेच आपले काम आहे.

पालकांनो, मुलांना, आणि मुलींनाही, विज्ञान शिकवा. वनरक्षक, वनाधिकारी, संशोधक या जागा आपल्या मुलांसाठीही आहेत. या जंगलाचा हिशेब उद्या त्यांनी लिहावा, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.