घरटे कोणाचे, अंडी कोणाची?

(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आपल्यापैकी पुष्कळजणींची शेती करवीर, पन्हाळा, कागल या बाजूला आहे. भांगलणीला किंवा वैरणीला गेले असता बांधावर घरटे दिसते, कधी नुसती अंडीच दिसतात. "कशाची गं ही?" असा प्रश्न पडतो. अंड्याला हात न लावताही त्याचे उत्तर देता येते.

प्रथम जागा पाहावी. उघड्या रानात, खड्यांमध्ये, मातकट रंगाची, काळे डाग असलेली चार अंडी निमुळती टोके आत करून मांडलेली असली, तर ती टिटवीची. घरटे म्हणावे असे तेथे काही नसतेच. अंड्यांचा रंग हेच त्यांचे पांघरूण. टिटवी ओरडली की आपल्याकडे अपशकुन मानतात. पण अंड्यांपाशी कुत्रे नाही तर माणूस आले, म्हणून ती बिचारी आकांत करीत असते! कडक उन्हात टिटव्या पोटाची पिसे पाण्यात भिजवून येतात आणि अंड्यांना गारवा देतात.

याउलट नदीच्या दरडीतील बिळात खंड्याची अंडी पांढरीशुभ्र व गोलसर असतात. अंधारात रंग हवा कोणाला? पाने शिवून केलेली पिशवी शिंप्याची. झुडपातल्या वाटीसारख्या घरट्यात निळीभोर अंडी असली तर ती सातभाईंची; मात्र येथे जरा जपून बोलावे. पावशाची मादी आपले अंडे सातभाईंच्याच घरट्यात घालते, आणि तेही निळेच असते.

आता सुगरण. बहिणाबाईंच्या गाण्यामुळे हा खोपा सुगरिणीने बांधला असेच आपण सगळ्या समजतो. खरी गोष्ट निराळी आहे. १९३० साली सलीम अली यांनी त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील किहीम येथे या पाखरांचे बारकाईने निरीक्षण केले. भाताच्या व गवताच्या पातीच्या चिरा काढून खोपा विणतो तो नर. काम अर्धे झाले की मादी येऊन पाहणी करते. पसंत पडले तर ती तेथे राहते आणि नर उरलेली विणकाम पुरी करतो. नापसंत झाले तर खोपा तसाच लोंबत राहतो. विहिरीवरच्या बाभळीला दिसणारे अर्धवट खोपे बरेचदा या नापसंतीचे असतात. हे ऐकून कोणी फार हुरळून जाऊ नये! एक बिऱ्हाड थाटून झाले की हे महाशय दुसऱ्या खोप्याच्या मागे लागतात. आतली दोन ते चार पांढरी अंडी उबवायची ती मादीनेच.

मुलांना खोप्याचा मोह पडतो. पावसाळ्यात तो उतरवू देऊ नये. आत अंडी किंवा पिले असतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानेही रानपाखरांची अंडी नेणे व घरटी विस्कटणे हा गुन्हा ठरवला आहे. दूर उभे राहावे, पाखरू परत येऊ द्यावे. कोणाचे घर ते आपोआप कळते.

नांगरटीत टिटवीची अंडी आढळली, तर तेवढा तुकडा सोडून औत बाजूने न्यायला सांगावे. खूण म्हणून बांधावरचा एखादा दगड ध्यानात ठेवावा. चारेक आठवड्यांत पिले बाहेर येतात आणि थोड्याच वेळात आईबापांच्या मागे चालू लागतात.