पहिलीच्या वर्गातल्या रिकाम्या खुंट्या
(स्नेहमेळाव्यातील भाषण)

आदरणीय बाई, सर आणि १९९५ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

समितीने मला 'पहिलीच्या वर्गाचे नूतनीकरण : अहवाल' असा विषय दिला आहे. जमाखर्च छापून तुमच्या पिशवीत ठेवलाय, तो घरी वाचा. मला थोडी कबुली द्यायची आहे.

मे महिन्यात आपण वर्गणी काढली, पेंटर बोलावला आणि पहिलीची खोली रंगवली. फळ्याच्या भिंतीवर जंगल, वाघ, सहा माकडं, धबधबा. मागच्या भिंतीवर अक्षरांची आगगाडी. वर झालरी. मुलांसाठी पुस्तकं आणि काचेचं कपाट. फोटो टाकले तेव्हा ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. रंग कुठले, चित्रं कुठली, हे बरंचसं मीच ठरवलं होतं. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्याचा दोष दुसऱ्या कुणावर जात नाही.

ऑगस्टमध्ये गावी आले तेव्हा पहिलीच्या आत्ताच्या बाईंना विचारून एक सकाळ वर्गात मागे बसले. आमच्या धंद्यात एक सवय लागते. आपण बनवलेली वस्तू दुसरा वापरत असताना तोंड बंद ठेवून बघायचं. ते बघणं बहुतेक वेळा अपमानास्पद असतं.

बाई फळ्यावर शब्द लिहीत होत्या आणि माझ्या पुढचा मुलगा माकडं मोजत होता. पुन्हा पुन्हा मोजत होता, कारण सहावं माकड फांदीमागे अर्धं लपलंय. पुस्तकांच्या कपाटाला कुलूप, किल्ली ऑफिसात. दारापाशी दप्तरांचा ढीग, मधल्या सुट्टीत डबा शोधायला झुंबड. एक मुलगी डबा न सापडल्यामुळे रडली आणि तिचं रडणं थांबेपर्यंत सुट्टी संपली. बाईंना विचारलं, कसा वाटतो वर्ग? त्या म्हणाल्या, "छान केलंय, ताई." मी फारच मागे लागले तेव्हा हळूच म्हणाल्या, "फळ्याची भिंत तेवढी मोकळी मिळाली असती तर बरं झालं असतं."

मग मी वाचायला बसले. हे आधी करायला हवं होतं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. बालवाडीच्या वयाची २४ मुलं, विज्ञानाचे सहा छोटे पाठ. काही पाठ चित्रांनी भरलेल्या खोलीत, काही मोकळ्या भिंतींच्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष सुमारे ३९ टक्के वेळ भलतीकडे होतं, मोकळ्या खोलीत २८ टक्के. चाचणीत मोकळ्या खोलीतल्या पाठांची ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, भरलेल्या खोलीतल्या पाठांची ४२. चोवीसच मुलं होती, म्हणून फार ताणू नये. पण माझ्या पुढ्यातलं माकडं मोजणारं पोर मी पाहिलंच होतं.

दुसरं मोजमाप मी टेप घेऊन केलं. सहा वर्षांचं मूल साधारण पावणेचार फूट उंच असतं, म्हणजे डोळे साडेतीन फुटांवर. आपली आगगाडी सुरू होते पाच फुटांवर. ती आपल्यासाठी आणि फोटोसाठी काढली गेली होती. माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह काढलं तेव्हापासून मुलांच्या मापाच्या सामानाचा आग्रह धरला. ताराबाई मोडकांनी तोच विचार बोर्डी-कोसबाडला आणून बिया, शिंपले, दगड अशा फुकट मिळणाऱ्या वस्तूंवर बालवाडी उभी केली. आणि आपण मात्र काचेचं कपाट घेतलं!

पण खरं सांगायचं तर हे सगळं मला आधीच माहीत होतं. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. मी या शाळेत आले ती १९८५ च्या नोव्हेंबरात, वडिलांच्या बदलीमुळे, वर्ष अर्धं झाल्यावर. वर्गात सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. तुम्ही मला भिंतीकडे नेलंत. तिथे खुंट्यांची रांग होती, प्रत्येकीवर एक चित्र, कारण आम्हाला अजून नावं वाचता येत नव्हती. पतंग, भोवरा, छत्री. छत्रीच्या खुंटीवर काही नव्हतं. "ही तुझीच," म्हणालात. मला वाटलं, मी येणार हे यांना ठाऊक होतं. दोन खुंट्या तुम्ही जूनपासूनच रिकाम्या ठेवायचात, हे मला तुमच्याकडून परवा फोनवर कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत आपण वर्ग पुन्हा केला. फळ्याची भिंत फिकट रंगाने झाकली. ज्याने पेंटरचे पैसे दिले होते त्याला मी फोन केला. दोन दिवस बोलला नाही, तिसऱ्या दिवशी स्वतःच्या दुकानातून रंगाचे डबे घेऊन आला. आगगाडी ठेवली आहे, मुलांची पाठ असते तिकडे. गावातल्या सुताराकडून तीन फुटी उघडी फडताळं करून घेतली. पुस्तकं त्यात, पानं फाटणार हे गृहीत धरून. चिंचोके, सागरगोटे, मणी वेगवेगळ्या टोपल्यांत, टोपलीवर आणि फळीवर एकच चित्र, म्हणजे आवरताना विचारावं लागत नाही. मुलांची चित्रं लावायला त्यांच्या हाताच्या उंचीवर सुतळी आणि चिमटे. झालरी काढल्या. एका कोपऱ्यात सतरंजी आहे, कुणाला गप्प बसावंसं वाटलं तर.

मुलं ३१, खुंट्या ३५.

कारखान्याचा हंगाम सुरू झाल्यावर ऊसतोडीच्या टोळीतली एक मुलगी वर्गात आली. बाईंनी तिला किटलीची खुंटी दिली. दप्तर नव्हतं, तिने ओढणी अडकवली. हंगाम संपला की ती जाईल. किटली तशीच ठेवायची असं बाईंचं म्हणणं आहे, पुढच्या वर्षी टोळी इथेच आली तर.

देणगीदारांचा फलक मी वर्गातून काढून व्हरांड्यात लावलाय, त्यावरून काहींचे फोन आले. तो तिथेच राहील. कौलं दोन ठिकाणी गळतात, त्यासाठी बाहेरच्या टेबलावर वही ठेवली आहे. जेवणाआधी वर्ग उघडा असेल, जरूर बघून या. चपला बाहेर काढा, आणि कृपा करून खुंट्यांना पर्स अडकवू नका.